पाच आले तर बेट, साठ आले तर चेक

तीन पत्तीत चेक नसतो. आपली पाळी आली की चाल द्यायची, नाहीतर पॅक करायचं. शो आणि साइड शो आहेत, पण तेही फुकट मिळत नाहीत. तीन पत्तीवर वाढलेल्या माणसाच्या डोक्यात त्यामुळे एक समीकरण पक्कं बसतं: पान चांगलं असेल तर पैसे लावायचे, वाईट असेल तर सोडायचं.

इंदूरच्या मराठी घरांत दिवाळीला पत्ते बसतात ते बहुतेक तीन पत्तीचे, नाहीतर रमीचे. राजेंद्र नगर असो की लोकमान्य नगर, लक्ष्मीपूजन आटोपलं, फराळाच्या ताटल्या सरकल्या की सतरंजी पडते. अलीकडे पुण्या-बंगळुरूला नोकरीला गेलेले भाचे-पुतणे सुट्टीत येताना टेक्सस होल्डम हा पोकरचा प्रकार घेऊन येतात. नियम मोठ्यांना अर्ध्या तासात समजतात. गाडी अडते ती चेकवर. "पान आहे तर लाव, नाही तर टाक. मधे हे चेक-चेक काय लावलंय, भिया?" हा काकांचा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. पोकरच्या पुस्तकांचा निम्मा भाग त्याच्याच उत्तरात खर्च होतो.

नियम थोडक्यात. प्रत्येकाला दोन पानं, ती लपलेली. मग मध्यभागी सगळ्यांची मिळून पाच पानं उघडतात: आधी तीन एकदम, तो फ्लॉप, मग एक, ती टर्न, मग शेवटचं, ती रिव्हर. सातांतली सर्वोत्तम पाच पानं म्हणजे तुमचा हात. पानं उघडायच्या आधी एक आणि प्रत्येक टप्प्यानंतर एक, अशा बोलीच्या चार फेऱ्या होतात. फ्लॉपपासून पुढे, तुमच्याआधी कुणी काही लावलं नसेल तर तुम्हाला दोन वाटा असतात. बेट लावा, किंवा चेक करा, म्हणजे काहीही न लावता पाळी पुढे द्या. चेक केल्याने तुम्ही खेळाबाहेर जात नाही. सगळ्यांनीच चेक केलं तर पुढचं पान फुकटात उघडतं.

ह्या लेखात हिशेब चिंचोक्यांचा आहे. एक तर घरचा खेळ चिंचोक्यांवरच बरा. दुसरं म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा फरक त्यात ठेवलेला नाही, त्यामुळे पोकरही त्यात आलं. विचार करायला मात्र चिंचोके पुरतात.

आता काकांच्या प्रश्नाकडे. बेट लावल्याने फायदा होण्याच्या मुख्य वाटा दोनच. तुमच्यापेक्षा वाईट पानं असलेला माणूस कॉल करतो, म्हणजे तेवढेच चिंचोके टाकून थांबतो, आणि तुम्हाला जास्तीचे चिंचोके देतो. ही व्हॅल्यू बेट. किंवा तुमच्यापेक्षा चांगली पानं असलेला माणूस घाबरून फोल्ड करतो, म्हणजे पानं टाकतो, आणि पॉट (मधे जमलेले सगळे चिंचोके) तुमच्याकडे येतो, हा ब्लफ. या दोन्हींतलं काहीच होणार नसेल, म्हणजे वाईट पानं पळणार आणि चांगलीच तेवढी थांबणार असतील, तर लावलेला प्रत्येक चिंचोका वाया गेला. माझी पानं किती चांगली आहेत, एवढं विचारून भागत नाही. मी लावल्यावर थांबणार कोण आणि पळणार कोण, हे विचारावं लागतं.

नुसतं ऐकून हे पटत नाही. पण ज्या घरात तंबोला आहे तिथे ते करून दाखवता येतं. १ ते ९० नंबरांचे दोन संच घ्या, दोन पिशव्या, दोन खेळाडू. प्रत्येकाने आपापल्या पिशवीतून एक नंबर काढायचा आणि लपवायचा. मोठा नंबर जिंकतो. पॉटमध्ये आधीच १०० चिंचोके आहेत. तुम्ही पहिले. तुम्ही चेक केलं तर लगेच नंबर दाखवायचे. बेट लावायची तर बरोबर १००ची लावायची. समोरचा एकतर फोल्ड करेल किंवा १०० टाकून कॉल करेल, बस. त्याला रेज (बेट वाढवणं) नाही, दुसरी फेरी नाही.

प्रश्न असा की कोणत्या नंबरांवर बेट लावायची?

तीन पत्तीच्या सवयीने उत्तर येतं की निम्म्याच्या वर, म्हणजे ४५ पासून पुढे. चुकीचं आहे. समोरचाही शहाणा आहे असं धरून हिशेब केला तर उत्तर असं निघतं: ७० च्या वर बेट, १० च्या खाली बेट, आणि मधल्या साठ नंबरांवर चेक. समोरच्याने ५० च्या वरच कॉल करायचा. (काठावरच्या नंबरांची किसकीस सोडून देतो.)

म्हणजे ५ आले तर बेट आणि ६० आले तर चेक! पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते. एकेक नंबर घेऊन पाहू.

तुमच्याकडे ६० आहे. बेट लावली तर समोरचा ५० च्या वरच कॉल करतो, म्हणजे साधारण चाळीस नंबरांवर. त्यांतले दहा तुमच्यापेक्षा लहान, तीस मोठे. दहा वेळा शंभर मिळाले, तीस वेळा शंभर गेले. आणि पळाले कोण? ५० च्या खालचे, ज्यांना तुम्ही तसंही हरवणारच होतात. साठ हा चांगला नंबर आहे, दर तीन वेळांतून दोनदा जिंकतो. पण तो जिंकतो दाखवण्यात, लावण्यात नाही.

८० असेल तर? कॉल करणारे तेच चाळीस, पण आता त्यांतले तीस तुमच्यापेक्षा लहान आणि दहाच मोठे. लावलेच पाहिजेत. ७० वर वीस-वीस होतात, म्हणून काठ तिथे.

आता ५. चेक केलं तर जवळजवळ कधीच जिंकत नाही. सरासरी जेमतेम पाच चिंचोके पदरात. बेट लावली तर समोरचा नव्वदांतून पन्नास वेळा पळतो आणि १०० मिळतात, चाळीस वेळा कॉल करतो आणि १०० जातात. नव्वद वेळांचा हिशेब १००० चिंचोके नफा, म्हणजे दर वेळी सरासरी अकरा. पाचापेक्षा अकरा बरे.

मग ३० वर पण ब्लफ का नको? तिथेही ब्लफचे तेच अकरा मिळतात. पण ३० नुसतं दाखवलं तरी नव्वदांतून तीस वेळा जिंकतं, सरासरी तेहतीस चिंचोके. ज्याच्याकडे स्वतःचं काही आहे त्याने ते ब्लफमध्ये का घालवायचं? ब्लफ करावा तो ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही नाही त्याने. मला विचाराल तर सगळ्या पोकरमधला सर्वात उपयोगी विचार हाच आहे, आणि सर्वात कमी वापरला जाणाराही हाच. घरच्या टेबलावर लोक मधल्या पानांवर ब्लफ करतात, कारण तिथे "थोडा आधार" वाटतो. आधार आहे म्हणूनच तिथे ब्लफ नको.

समोरच्याच्या बाजूनेही पाहा. तुमची बेट येते तेव्हा तिच्यामागे वीस मोठे नंबर असू शकतात किंवा दहा छोटे. म्हणजे तीनातून एकदा थाप. त्याला १०० टाकून २०० जिंकायचे आहेत. तीन वेळा कॉल केला तर दोनदा शंभर-शंभर गेले आणि एकदा दोनशे आले, बरोबरी. त्याच्याकडे ५५ असो की ६५, कॉल आणि फोल्ड त्याला सारखेच. तुमच्या छोट्या नंबरांचं खरं काम हे, की तुमच्या मोठ्या नंबरांना गिऱ्हाईक मिळावं. तुम्ही ब्लफ अजिबात सोडून दिला आणि ते समोरच्याला कळलं, तर तो फक्त अगदी वरच्या नंबरांवर कॉल करेल, आणि तुमच्या ८० ला पैसे देणारा कुणी उरणार नाही.

हा हिशेब माझा नव्हे. अशा अंकांच्या पोकरचं गणित जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने मांडलं. बुडापेस्टमध्ये १९०३ साली जन्मलेल्या ह्या माणसाने १९२८ मध्ये खेळांच्या सिद्धांतावरचा पायाभूत निबंध लिहिला, आणि १९४४ मध्ये अर्थशास्त्रज्ञ ओस्कार मॉर्गेनस्टर्न यांच्यासोबतच्या ग्रंथात पोकर आणि ब्लफिंगला स्वतंत्र जागा दिली. ब्लफ ही स्वभावाची किंवा हिमतीची बाब आहे असं तोवर धरलं जाई. ती गणितातूनच निघते, चेहरा वाचता येवो न येवो, हे त्याने दाखवलं. तंबोल्यात सोयीचा योग एवढाच की पॉटएवढी बेट धरली तर काठ नवव्या हिश्श्यांत पडतात, आणि नव्वदला नऊने भाग जातो.

आता खऱ्या पत्त्यांकडे. रिव्हरवर, म्हणजे पाचही पानं उघडल्यावर, खेळ तंबोल्याच्या खूप जवळ येतो, कारण आता काही बदलायचं उरलेलं नसतं. समजा मध्यभागी चौकट राजा, इस्पिक नव्वी, बदाम छक्की, किलवर चव्वी आणि चौकट दुर्री आहे. तुमच्याकडे एक्का-नव्वी, म्हणजे नव्व्यांची जोडी. समोरच्याने चेक केलं, पॉट १००. तीन पत्तीचा हात शिवशिवतो: जोडी आहे, वर एक्का आहे, लाव! पण पॉटएवढी लावली तर कॉल कोण करेल? ज्याच्याकडे राजा आहे तो. छक्कीची जोडीवाला आणि अठ्ठी-सत्ती घेऊन सिक्वेन्सची वाट पाहत बसलेला, दोघेही निघून जातील. हा तुमचा साठ नंबर आहे. चेक करा, पानं दाखवा, बहुतेक वेळा पॉट उचला.

इथे तंबोल्यापेक्षा एक सोय जास्त आहे: बेट किती लावायची हे तुमच्या हातात असतं. त्याच जागी ३० लावले तर दश्शी-नव्वीवाला, अठ्ठ्यांची जोडीवाला, कदाचित हट्टी छक्कीवालाही कॉल करेल. लहान बेटीला वाईट गिऱ्हाइकं जास्त मिळतात, म्हणून मध्यम पानांनाही ती परवडते. मोठी बेट दोन टोकांसाठी: फार चांगली पानं, नाहीतर काहीच नसलेली. ब्लफचं प्रमाणही रकमेनुसार बदलतं. पॉटएवढी बेट असेल तर दोन खऱ्यांमागे एक थाप. निम्म्या पॉटची असेल तर तीन खऱ्यांमागे एक. कारण निम्म्या पॉटच्या बेटीला समोरचा ५० टाकून १५० जिंकायला बघतो, त्याला चारातून एकदा बरोबर ठरणं पुरतं. आणि ब्लफ करणाऱ्याच्या बाजूने: पॉटएवढा ब्लफ निम्म्या वेळा चालला तर बरोबरी, निम्म्या पॉटचा ब्लफ तीनातून एकदा चालला तरी बरोबरी.

फ्लॉप आणि टर्नवर मामला गुंतागुंतीचा होतो, कारण पानं अजून यायची आहेत. साठ नंबर पुढच्या पानाने वीस होऊ शकतो आणि पाचाचे पंच्याऐंशी.

समजा तुमच्याकडे बदाम सत्ती आणि बदाम छक्की, फ्लॉपवर बदाम राजा, किलवर नव्वी, बदाम तिर्री. आत्ता हातात काही नाही, पण आणखी एक बदाम आला की रंग (पाचही पानं एकाच चिन्हाची) झाला. न दिसलेल्या ४७ पानांत ९ बदाम आहेत: पुढच्याच पानाला १९ टक्के, टर्न आणि रिव्हर मिळून साधारण ३५ टक्के. इथे बेट लावणं फार गोड असतं. समोरचा पळाला तर पॉट तुमचा. नाही पळाला तरी तीनातून एकापेक्षा थोड्या जास्त वेळा रंग लागतो. नुसत्या थापेला जेवढे लोक पळवावे लागतात, त्याहून कमी पळाले तरी इथे भागतं. याला सेमी-ब्लफ म्हणतात.

ह्याच फ्लॉपवर बदाम एक्का आणि बदाम पंजी असेल तर? रंगाची आशा तेवढीच. पण नुसता एक्काही कधीकधी शेवटी दाखवून जिंकतो, आणि एक्क्याचा रंग लागला तर समोर रंग असलेला माणूसही तुम्हालाच पैसे देतो. म्हणून एक्क्याला चेक जास्त परवडतो, सत्ती-छक्कीला कमी. तंबोल्यातला ५ आणि ३० चा फरक तोच इथे पत्त्यांच्या रूपात आला आहे.

उलट बाजू: तुमच्याकडे किलवर आणि बदाम राण्यांची जोडी, फ्लॉपवर इस्पिक नव्वी, इस्पिक अठ्ठी, चौकट तिर्री. तुम्ही पुढे आहात, पण समोरच्याकडे दोन इस्पिकं असतील तर पुढच्याच पानाला पाचातून एकदा त्याचा रंग लागतो. चेक केलंत की ही संधी त्याला फुकट दिलीत. १०० च्या पॉटमध्ये ५० लावले की त्याला ५० टाकून १५० साठी खेळावं लागतं, म्हणजे चारातून एकदा जिंकायला हवं. रंग लागतो पाचातून एकदा. सौदा त्याला महाग पडतो. (रंग लागल्यावर आणखी चिंचोके काढता येतील अशी आशा असेल तर तो तरीही कॉल करेल, आणि ते नेहमीच चूक नसतं.) फ्लॉप राजा-सत्ती-दुर्री असा, तिन्ही वेगळ्या रंगांचा असेल आणि तुमच्याकडे राजा असेल, तर पुढच्या पानाची भीती बरीच कमी. तिथे एखादा चेक चालून जातो, वर समोरच्याला वाटतं की तुमच्याकडे काही नाही.

ह्या सगळ्यात पाळी कुणाची आधी हे फार महत्त्वाचं आहे, आणि घरी त्याकडे कुणी बघत नाही. तुम्ही शेवटचे असाल तर तुमच्या चेकने फेरी संपते. हवं तेव्हा फुकट पान घेता येतं. आधीचे असाल तर तुमचा चेक म्हणजे समोरच्याला निमंत्रण. तुम्ही फक्त पडेल पानांवर चेक करता हे त्याच्या लक्षात आलं, की तो प्रत्येक चेकवर बेट लावून पॉट उचलत राहील. म्हणून आधीच्या जागेवरून काही दमदार पानंही चेकमध्ये मिसळावी लागतात. समोरच्याने बेट लावली की रेज करायची. हाच चेक-रेज. काही घरांत त्याला बेइमानी समजतात. मला तसं वाटत नाही, नियमात बसतं ते खेळात बसतं, पण ज्या सतरंजीवर सासरेबुवा बसलेत तिथे आधी विचारून घ्यावं.

जुन्या जाणत्यांचा एक संकेत होता: आधीच्या फेरीत ज्याने रेज केली त्याच्यासमोर पुढच्या फेरीत आधी पाळी आली की चेकच करायचं. आपणहून बेट लावणं नवख्याचं लक्षण. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या नोअम ब्राऊन आणि टुओमास सँडहोम यांनी फेसबुकच्या साथीने केलेल्या प्लुरिबस या संगणक-प्रोग्रामने २०१९ मध्ये सहा जणांच्या टेबलावर कसलेल्या व्यावसायिकांना हरवलं, आणि तो तशा बेटी माणसांपेक्षा बऱ्याच जास्त वेळा लावत होता. तेव्हा "नेहमी चेक" हाही नियम धरून बसू नका.

राहता राहिला समोरचा माणूस. वरचे ७०, १० आणि ५० हे आकडे समोरचा अचूक खेळतो असं धरून आले आहेत. घरी कुणी अचूक खेळत नाही, आणि आकडे जोरात हलतात.

आत्या कधीच फोल्ड करत नाहीत. "बघू तरी काय आहे" म्हणून प्रत्येक वेळी कॉल. तंबोल्यात त्यांच्यासमोर ब्लफ शून्य, पण ४५ च्या वर प्रत्येक नंबरावर बेट लावा. काकांचं मूळ उत्तर इथे बरोबर ठरतं! तीन पत्तीची सवय अशीच तयार झाली असावी: ज्या टेबलावर सगळेच शेवटपर्यंत थांबतात, तिथे चांगल्या पानाला लावणं आणि वाईटाला सोडणं बरंचसं योग्यच असतं. टेबलावर चार-पाच जण असतील तेव्हाही ब्लफ आखडता घ्यावा, कारण त्यांतला एक तरी थांबतोच.

दुसऱ्या टोकाला असतात ते मोजून-मापून खेळणारे काका, जे ८० च्या वर असल्याशिवाय कॉलच करत नाहीत. त्यांच्यासमोर हाती काही नसताना बेट लावली तर नव्वदांतून ऐंशी वेळा ते पळतात, दहा वेळा कॉल करतात. सरासरी ७८ चिंचोके नफा. ७० पर्यंतचा कुठलाही नंबर दाखवून एवढं मिळत नाही, म्हणून ७० च्या खाली सर्रास बेट. ७५ आलं तर? दाखवून सरासरी ८३ मिळतात, आणि बेट लावली तर कॉल करणारा प्रत्येक नंबर तुमच्यापेक्षा मोठा, म्हणून पुन्हा ७८ च. तेव्हा चेक. ८५ च्या वर परत बेट. म्हणजे काकांसमोर २० वर बेट, ७५ वर चेक, ८८ वर बेट. अर्थात काकांना हे दोन-चार डावांत कळतं आणि ते ५० वरही कॉल करू लागतात. त्या क्षणी तुमच्या २० ची गंमत संपते आणि आकडे पुन्हा पहिल्या जागेकडे सरकायला लागतात.